टोळाला लागलेली हळद



मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांत टोळधाड उतरली. शेतकऱ्यापुढे दोन प्रश्न होते. हा टोळ आज काय खाणार, आणि माझ्या रानात अंडी घालणार काय? पहिल्याचे उत्तर डोळ्यांसमोर होते. दुसऱ्याचे टोळाच्या रंगात होते.

ते टोळ गुलाबी होते. वाळवंटी टोळ पंख फुटल्यावर आधी गुलाबी असतो. तो मैलोगणती उडतो, अधाशासारखा खातो. पण मीलनाचे नाव काढीत नाही. नर पिवळाधमक झाला, की मगच तो मादीच्या मागे लागतो. जणू हळद लागल्यावाचून बोहल्यावर चढायचे नाही!

ही हळद लावते कोण? टोळाच्या मेंदूमागे दोन चिमुकल्या ग्रंथी असतात, कॉर्पोरा अलाटा नावाच्या. त्यांचा रस सरळ रक्तात मिसळतो. त्याला बाल्य-संप्रेरक म्हणतात. विगल्सवर्थ या इंग्रज शास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात ढेकणाच्या जातीच्या एका कीटकावर प्रयोग करून दाखविले, की हा रस अंगात आहे तोवर पिल्लू कात टाकूनही पिल्लूच राहते. रस आटला म्हणजे प्रौढ कीटक बाहेर पडतो.

खरी मौज पुढेच आहे. प्रौढ टोळात त्याच ग्रंथी पुन्हा जाग्या होतात, आणि ज्या रसाने बाल्य राखले तोच आता नराला नवरदेव करतो! १९६० च्या सुमारास लोहेर यांनी कोवळ्या नरांच्या या ग्रंथी काढल्या. ते नर पिवळे झाले नाहीत आणि माद्यांकडे फिरकलेही नाहीत. ग्रंथी पुन्हा बसविताच रंगही आला, ओढही आली. शिवाय पिवळ्या नराच्या वासाने शेजारचे कोवळे नर लवकर वयात येतात. त्यामुळे सारी धाड एकाच मुहूर्ताला उभी राहते.

हा नियम सर्व कीटकांना लागू नाही. काही जातींचे नर या ग्रंथींवाचूनही मीलन करतात. पण टोळापुरते सांगायचे, तर गुलाबी रंग म्हणजे आपल्या हाती असलेली मुदत. रात्री व पहाटे तो झाडावर विसावतो, तेव्हाच फवारणी साधते. एकदा हळद लागली, की पुढची पिढी मातीत गेलीच म्हणून समजा.