पराभूत संघाचा हंगाम

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड या दोन गावांचा इतिहास निरनिराळा आहे. घोडनदीकाठचे शिरूर एके काळी घोडदळाची छावणी म्हणून प्रसिद्ध होते. भीमेकाठचे दौंड १८७८ साली मनमाडचा लोहमार्ग सुरू झाल्यावर आगगाड्यांचे जंक्शन बनले. फुटबॉल हा खेळ आपल्या देशात रुजविण्यास छावण्यांनी आणि रेल्वेच्या वसाहतींनी पुष्कळ हातभार लावला. तथापि या बाजूच्या मातीत मुरलेले खेळ म्हणजे कुस्ती, कबड्डी आणि खो-खो हेच होत.

अशा मुलखातील महाविद्यालयाचा फुटबॉल संघ जेव्हा हरतो, तेव्हा त्याची कारणे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. मुलूख पर्जन्यछायेचा, म्हणून मैदान वर्षातील बरेच महिने दगडासारखे कठीण. खेळाडू आसपासच्या खेड्यांतून येणारे, गावाकडची एस.टी. चुकू नये म्हणून सराव आटोपता घ्यावा लागतो. त्यात स्पर्धा बाद पद्धतीची. सोळा संघ उतरले तर पंधरा सामने होतात आणि पंधरा संघ हरूनच घरी परततात. वर्षभराची मेहनत एका दुपारी संपते.

पराभव मोठा दिसतो, त्याचेही एक कारण आहे. पहिला गोल बसला की बरोबरी साधण्याच्या घाईने सारेच पुढे धावतात, मागची बाजू उघडी पडते आणि एकाचे चार गोल होतात. मग गावात म्हणतात, ‘संघाचे पानिपत झाले!’ पण पानिपत १७६१ साली झाले आणि १७७१ साली मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या, याची आठवण त्या वेळी कोणास होत नाही.

फुटबॉलच्या इतिहासातही याला साजेसे उदाहरण आहे. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने सुवर्णपदक जिंकले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने त्याच भारताला १०–१ असे धुळीस मिळविले. तेथील थंडीत आपले कित्येक खेळाडू अनवाणी खेळत होते. त्या पराभवाचा अर्थ नीट वाचला गेला आणि पुढे बूट सक्तीचे झाले.

चार वर्षांनी, १९५६ साली, मेलबर्न येथे मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले व भारताने ४–२ असा विजय मिळविला. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर आला. पहिला गोल भारताचा, डिसूझांचाच. पण अखेर ४–१ अशी हार झाली. पुढे बल्गेरियानेही ३–० ने हरविले आणि भारत चौथा आला. ऑलिंपिकमधील भारतीय फुटबॉलचा सर्वांत गौरवाचा मानला जाणारा हा पराक्रम, आणि त्यात खेळलेल्या तीन सामन्यांपैकी दोन पराभवाचे! दहा गोलांची हार आणि चार गोलांची हार या दोन्ही हारच. परंतु त्यांच्यामध्ये चार वर्षांचे शिक्षण उभे आहे.

म्हणून हरलेल्या संघाने सामना संपल्यावर पंचांना किंवा नशिबाला बोल न लावता एक साधी वही घालावी. प्रत्येक गोल कोणत्या मिनिटाला झाला, कोणत्या बाजूने आला, त्या वेळी जागेवर कोण नव्हते, एवढेच तीत लिहावे. गोल शेवटच्या पंधरा मिनिटांत होत असतील तर दम कमी आहे. कॉर्नरवरून होत असतील तर बचावातील वाटणी चुकते आहे. दम धावण्याने वाढतो, वाटणी बोलून ठरते. या दोहोंसाठी शहराचे मैदान लागत नाही.

फुटबॉलच्या नियमाप्रमाणे संघात सातांपेक्षा कमी खेळाडू असले तर सामना सुरूच होत नाही. हरलेल्या संघाला खरी भीती हीच. पाच गोल खाऊनही पुढच्या पावसाळ्यात तीच मुले मैदानावर आली, तर वर्ष वाया गेले नाही. ती आली नाहीत, तर मात्र एका गोलाने झालेली हारही कायमची ठरते.