उरलेल्या लोकरीचे दुपटे



आम्हाला सुईची सवय आहे, भाषणाची नाही. तेव्हा चूकभूल द्यावी-घ्यावी.

आम्हा चौघीजणींच्या कपाटांत स्वेटर विणून उरलेले गुंडे वर्षानुवर्षे पडून होते. वस्तीतल्या एका मुलीचे पहिले बाळंतपण जवळ आले, तेव्हा बाळंतविड्यात याच लोकरीचे क्रोशाचे दुपटे द्यायचे ठरले. मुलीच्या आईने ऐकले आणि ती गप्प झाली. मग म्हणाली, "ताई, आम्ही जन्म काढला लोकांच्या उतरलेल्या कपड्यांवर. नातवंडाला तरी उरलंसुरलं नको." याला आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही एवढेच म्हणालो, "आधी बघा, मग नको म्हणा."

चौकोनाचा हिशेब मुलींनी नीट ऐकावा. साखळीच्या कडीत तीन-तीन खांबांचे चार गट आणि कोपऱ्यांत दोन-दोन साखळ्या, ही पहिली फेरी. पुढच्या फेरीत आठ गट, मग बारा, मग सोळा. चार फेऱ्यांचे एकूण गट ४० आणि त्यांतले १६ शेवटच्या फेरीतच. म्हणजे एकटी बाहेरची फेरी जवळजवळ दोन पंचमांश लोकर खाते. म्हणून चिमूटभर उरलेले रंग मधोमध घ्यावेत आणि जो रंग सर्वांत जास्त असेल तो बाहेर, सगळ्या चौकोनांना एकच. त्याने रंगीबेरंगी तुकडे एका घरचे दिसतात. आम्हाला पाच बाय पाच असे २५ चौकोन हवे होते. एक विणून काट्यावर तोलला, २५ ने गुणले आणि जोडणीची व किनारीची लोकर आधीच बाजूला काढली.

तरीही पहिल्या खेपेस आम्ही फसलो. चौकोन गरम पाण्यात चोळून धुतले, तर त्यांतले नऊ आटून जाड झाले. धागे एकमेकांत इतके रुतले की उसवताही येईनात. आपल्याकडे दुकानात सगळ्यालाच लोकर म्हणतात. पण खरी लोकर गरम पाण्याने आटते, ॲक्रिलिक तशी आटत नाही. ओळखायचे तर बोटभर धागा चिमट्यात धरून ताटलीवर पेटवावा. खरी लोकर जळक्या केसांसारखी वास मारते आणि तिची राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळून कडक गोळी होते. मुलांनी हे मोठ्यांसमोरच करावे.

आमचे नवे चौकोन सगळे ॲक्रिलिकचे झाले. म्हणून बाळाच्या आजीला बजावून सांगितले की शेक-शेगडीजवळ हे दुपटे नेऊ नका, वितळले तर कातडीला चिकटते. (धुरीचा धूर तर बाळाला बरा नव्हेच.) जाळीत बोटे अडकू नयेत म्हणून मागून जुन्या मऊ सुती लुगड्याचे अस्तर लावायचे होते. बाळाला मांडीवर घेताना दुपटे वापरावे. झोपलेल्या बाळाच्या अंगावर सैल टाकून त्याला एकटे सोडू नये.

अस्तर लावण्याआधी आजीने दुपटे हातात घेतले. रंग पाहिलेच नाहीत. उलटे करून एकेक टोक ओढून पाहिले. आम्ही गाठी न मारता टोके सुईने टाक्यांत दोनदा उलटसुलट ओवली होती. "सुटत नाही," ती म्हणाली. मग खाली बसली आणि अस्तराला टाके घालू लागली.

बाहेर टेबलावर दोन पिशव्या ठेवल्या आहेत, एक खऱ्या लोकरीची आणि एक ॲक्रिलिकची. घरी उरलेले गुंडे आणाल तर धागा जाळून पाहूनच पिशवीत टाका. पुढचे बाळंतपण महिन्यावर आले आहे आणि पांढरी कमी पडते आहे.