काळ्या कोंबड्याचें कुळ

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. अलीकडे अक्राणी महालाचे पाडे, पलीकडे मध्यप्रदेशांतील अलिराजपूरचे डोंगर. अलिराजपूर, झाबुआ आणि धार या टापूंतील भिल्ल व भिलाला लोकांनीं जी कोंबडी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, ती कडकनाथ या नांवानें आज विख्यात आहे. तिचें दुसरें नांव कालामासी. पिसें काळीं, तुरा काळा, जीभ काळी. इतकेंच नव्हे, तर मांस आणि हाडांवरील आवरणहि काळें. रक्त मात्र इतर कोंबड्यांप्रमाणें तांबडेंच असतें आणि अंडें फिकट बदामी. काळ्या अंड्याची जी गोष्ट सांगतात, ती केवळ भोळ्या गिऱ्हाइकासाठीं होय.

२०१८ सालीं झाबुआच्या कडकनाथाच्या मांसास भौगोलिक मानांकन मिळालें. नांव झालें, मागणी वाढली, आणि मागणीबरोबर लबाडीसहि वाव मिळाला. काळें पिलूं दाखवून विकणारा म्हणतो, “काळा आहे ना? मग कडकनाथच!” हा युक्तिवाद ऐकावयास बिनतोड वाटतो, परंतु आनुवंशिकीच्या कसोटीस तो उतरत नाहीं.

कोणत्याहि कोंबडीच्या अंड्यांत पिलूं घडत असतां रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी पाठीच्या कण्यापासून निघून त्वचेकडे व पिसांकडे जातात. कडकनाथांत त्या वाट सोडून स्नायूंत, आंतड्यांत, हाडांच्या आवरणांतहि जाऊन वसतात व तेथें वाढतात. याचें कारण २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें उघड केलें. विसाव्या गुणसूत्रावरील एका मोठ्या तुकड्याची पूर्वीं केव्हां तरी दुहेरी नक्कल झाली, आणि त्या तुकड्यांत रंगपेशींस वाढीची चेतना देणारें एंडोथेलिन-३ हें जनुक आहे. चीनची सिल्की, इंडोनेशियांतील अयाम चेमानी आणि आपला कडकनाथ, या तिघांचा काळिमा याच एका फेरफारापासून आलेला आहे.

आतां मर्माची गोष्ट. हा फेरफार प्रभावी आहे. म्हणजे आईबापांपैकीं एकाकडून जरी तो आला, तरी संतति काळी होऊं शकते. शुद्ध कडकनाथ कोंबडा आणि काळसर पायांची गावरान कोंबडी यांचीं पिलें बहुधा सारींच काळीं निघतात. तींच कडकनाथ म्हणून विकलीं जातात. घेणारा त्यांचीच जोडी लावतो, आणि पुढल्या पिढींत सरासरीनें चारांतलें एक पिलूं पांढऱ्या मांसाचें निघतें. मग तो आपल्या नशिबास किंवा खाद्यास दोष देतो. दोष असतो तो विकणाऱ्याच्या वंशावळींत.

गावरान कोंबडी फिकट पायांची असेल, तर प्रकार आणखी चमत्कारिक होतो. तिच्याजवळ त्वचेखालील काळिमा दडपणारें दुसरें जनुक असतें, आणि तें लिंगसूत्रावर बसलेलें आहे. पक्ष्यांत नराजवळ झेड नांवाचीं दोन लिंगसूत्रें असतात, मादीजवळ एकच. मादीचें झेड मुलाकडेच जातें. कन्येस झेड मिळतें तें केवळ पित्याकडून. म्हणून कडकनाथ कोंबडा व फिकट पायांची कोंबडी यांच्या तलंगा गडद काळ्या होतात, आणि कोंबडे मात्र फिके राहतात. बेटसन आणि पनेट या इंग्रज शास्त्रज्ञांनीं १९११ सालीं सिल्की कोंबड्यांवर हाच नियम दाखवून दिला. नरमादी उलट घेतलीं, तर सारींच पिलें फिकीं निघतात.

हौशी लोक पिंजऱ्यांत जे झेब्रा फिंच पाळतात, त्यांच्यांतहि हाच हिशेब चालतो. पिंगट नर आणि राखी मादी यांच्या साऱ्या कन्या पिंगट, सारे मुलगे राखी. पण त्या मुलग्यांच्या अंगीं पिंगट रंग सुप्त असतो. फरक इतकाच कीं, तेथें पिंगट रंग मुळांत अप्रभावी आहे, म्हणून तो कपटानें विकतां येत नाहीं. पांढरा रंगहि अप्रभावी, परंतु तो लिंगसूत्रावर नसल्यामुळें नरमादींत भेद करीत नाहीं. फिंच पाळणारा ही माहिती मौजेखातर ठेवतो. अक्राणीच्या पाड्यावर मात्र तिच्यावर एखाद्या घराचें वर्षाचें उत्पन्न अवलंबून असतें.

मग परीक्षा कशी करावी? संशयित काळ्या कोंबड्यास काळसर पायांची, पण पांढऱ्या मांसाच्या कुळांतली गावरान कोंबडी द्यावी. कोंबडा मिश्र असेल, तर निम्मीं पिलें काळ्या मांसाचीं नसतील. दहा पिलें वाढविलीं आणि दहाहि काळीं निघालीं, तर कोंबडा मिश्र असण्याचा संभव फारच थोडा. कारण मिश्र कोंबड्याचीं ओळीनें दहा पिलें काळीं निघण्याचा योग १०२४ वेळांत एकदांच येतो.

तथापि एवढ्यानें सिद्ध होतें तें एकाच जनुकाविषयीं. कडकनाथाचा काटकपणा, त्याची मंद वाढ, मांसाची चव हीं दुसऱ्या अनेक जनुकांवर अवलंबून आहेत, आणि त्यांचा रंगाशीं कांहींएक संबंध नाहीं. त्यांच्यासाठीं आईबापांची नोंद हाच पुरावा. पायांत खुणेची कडी घालून कोणत्या कोंबड्याचीं कोणतीं पिलें हें वहींत टिपून ठेवणारा पालक आढळला, तर त्याचें पिलूं चार रुपये अधिक देऊनहि घ्यावें, मग त्याच्या पिसांवर एखादी सोनेरी रेघ असली तरी हरकत नाहीं. कडकनाथांत सोनेरी छटेचा प्रकारहि आहेच.