अधिक मास आणि बिलावल

(संगीतप्रेमी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



अधिक मास आला की घरोघरी अनारशांचा घाट घातला जातो. जावयाला ३३ अनारशांचे वाण देण्याची आपली रीत. ही ३३ संख्या सहज आलेली नाही. दोन अधिक मासांमध्ये सरासरी साडेबत्तीस महिन्यांचे अंतर पडते, त्याची ही घरगुती आठवण आहे. आज या अंतराकडे मी पंचांगकर्त्याच्या नव्हे, तर गायकाच्या कानाने पाहणार आहे.

प्रथम पंचांगाची अडचण समजून घेऊ. बारा चांद्रमासांचे सुमारे ३५४ दिवस होतात, तर सौरवर्ष ३६५ दिवसांहून थोडे मोठे. दरवर्षी जवळजवळ ११ दिवसांची तूट पडते. ती तशीच राहू दिली, तर दिवाळी कधी भर उन्हाळ्यात, तर कधी पावसाळ्यात येईल. म्हणून ज्या चांद्रमासात सूर्याचे राशिसंक्रमण होत नाही, तो अधिक मानावा, असा नियम झाला. वेदांगज्योतिषात पाच वर्षांच्या युगात दोन अधिक मास, म्हणजे एकूण ६२ चांद्रमास धरले होते. पुढे गणित सूक्ष्म होत गेले. १९ वर्षांत ७ अधिक मास धरले की २३५ चांद्रमास होतात, आणि सूर्य-चंद्रांचा हिशेब अवघ्या काही तासांच्या फरकाने जुळतो.

आता अलीकडची वर्षे पाहा. २०१२ चा भाद्रपद, २०१५ चा आषाढ, २०१८ चा ज्येष्ठ, २०२० चा आश्विन, २०२३ चा श्रावण, २०२६ चा ज्येष्ठ, २०२९ चा चैत्र आणि पुन्हा २०३१ चा भाद्रपद, असे हे अधिक मास आहेत. त्यांच्यामधील वर्षांची अंतरे मोजा : ३, ३, २, ३, ३, ३, २. तीनला मोठे आणि दोनला लहान म्हणू. मोठे, मोठे, लहान. मोठे, मोठे, मोठे, लहान.

पेटी वाजवणाऱ्यांच्या एव्हाना लक्षात आले असेल. हा बिलावल थाट आहे. सा ते रे मोठे अंतर, रे ते ग मोठे, ग ते म लहान. पुढे म ते प, प ते ध, ध ते नी मोठी आणि नी ते तार सा लहान. मोजणी २००४ च्या अधिक श्रावणापासून सुरू केली, तर खमाज थाटाचा क्रम मिळतो. २०२० च्या अधिक आश्विनापासून केली, तर कल्याणचा.

इथे एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. आपल्या ऋषिमुनींनी पंचांगावरून थाट रचले, असे कृपा करून कुणी बाहेर जाऊन सांगू नये. तसा कोणताही आधार ग्रंथांत नाही. ज्यू लोकांच्या पंचांगातही १९ वर्षांपैकी ३, ६, ८, ११, १४, १७ आणि १९ ही वर्षे तेरा महिन्यांची असतात. त्यांची अंतरे मांडली तर तोच बिलावल उमटतो. कारण साधे आहे. १९ घरांत ७ खुणा शक्य तितक्या समान अंतराने बसवायच्या, तर पाच अंतरे तीनची आणि दोन अंतरे दोनची येणार, आणि ती दोन एकमेकांपासून दूर राहणार. हा गणिताचा नियम आहे, कोणा एका समाजाची मिरास नव्हे. परंपरेचा अभिमान सत्यावर उभा असेल, तरच तो टिकतो.

या योगायोगातून एक प्रयोग मात्र सुचतो. सप्तकाचे १२ ऐवजी १९ समान भाग केले, तर? युरोपात हा विचार जुना आहे. स्पेनचे अंध संगीतज्ञ फ्रान्सिस्को द सालिनास यांनी १५७७ च्या आपल्या ग्रंथात सप्तकात १९ स्वरांची योजना मांडली होती. समान १९ भागांत कोमल गंधार जवळजवळ निर्दोष लागतो. सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर तो नैसर्गिक कोमल गंधारापासून एका सेंटनेही ढळत नाही. शुद्ध गंधार ७ सेंट उतरलेला येतो. आपल्या पेटीवरचा गंधार सुमारे १४ सेंट चढा असतो. पण पंचम ७ सेंटने उतरतो. एक साधावे तर दुसरे सुटते.

असे का व्हावे? सा पासून पंचम, त्या पंचमाचा पंचम, असे बारा वेळा चढत गेलो, तर सात सप्तके ओलांडून आपण पुन्हा सा वर यायला हवे. प्रत्यक्षात आपण सुमारे साडेतेवीस सेंट पुढे जातो. चंद्र सूर्याला जसा पूर्णांकांत भेटत नाही, तसाच पंचमही षड्जाला भेटत नाही. निसर्गाच्या भागाकारात बाकी उरतेच.

प्रश्न इतकाच, की या बाकीचे करायचे काय? पेटीने ती बारा पंचमांत सारखी वाटून लपवली. त्यामुळे कोणतीही पट्टी सा मानता येते, ही सोय मोठी आहे; पण तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार हरवतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला आणि पुढे क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्यासह श्रुतींची पेटी घडवण्याचा खटाटोप केला, तो याच हरवलेल्या स्वरासाठी.

पंचांगकर्त्यांनी बाकी लपवली नाही. तिला महिन्याचे नाव दिले, पुरुषोत्तमाचे अधिष्ठान दिले, दानाचा मान दिला. शिवाय १९ वर्षांच्या ठरीव कोष्टकावर विसंबून न राहता ते प्रत्यक्ष संक्रांत पाहत राहिले. म्हणूनच १९८२-८३ मध्ये क्षयमासाचीही नोंद झाली. चांगला गायकही तेच करतो. तो पट्टीवर विसंबत नाही. तानपुरा ऐकतो आणि रागाला हवा तो गंधार लावतो.

आपल्या घरांत मुले आज पेटीवर गाणे शिकतात, जरूर शिकावीत. पण रोज दहा मिनिटे पेटी मिटून त्यांना तानपुऱ्यासमोर बसवा आणि गंधार शोधू द्या. तो सापडला, म्हणजे पंचांगाने जपलेली बाकी त्यांच्या कानांनीही जपली, असे समजा.