पाचशे ग्रॅमचा ट्रिगर



बंगळुरूच्या राजाजीनगरात माझ्या ओळखीच्या काही घरांतली मुलं नेमबाजी शिकतात. त्यांचे आईवडील हमखास एक प्रश्न विचारतात : ट्रिगरचं वजन मोजायला काटा कोणता घ्यायचा? आज त्याबद्दलच बोलतो, कारण या एका आकड्यावरून स्पर्धेतली अख्खी कामगिरी बाद होऊ शकते.

ट्रिगरचं वजन म्हणजे ट्रिगर सुटायला बोटाला लावावा लागणारा जोर. तो ग्रॅममध्ये सांगतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे 10 मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा असावा लागतो, आणि 25 मीटर पिस्तुलाचा किमान 1000 ग्रॅमचा. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं ते याच 25 मीटर प्रकारात, म्हणजे हजार ग्रॅमची अट पाळून. काही प्रकारांत मात्र अशी अट नाही. आपल्या बंगळुरूचे प्रकाश नंजप्पा 2016 साली रिओ ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर पिस्तूल प्रकारात उतरले होते, तिथे ट्रिगर हवा तितका हलका ठेवता येत असे. स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ब्राँझ मिळवलं त्या 50 मीटर रायफल प्रकारातही किमान वजनाचं बंधन नाही. पण बंधन नसलं तरी मोजावं लागतंच. कालचा ट्रिगर आणि आजचा ट्रिगर सारखाच आहे, हे बोटाला नेहमी कळत नाही.

आता स्पर्धेत हे कसं तपासतात ते नीट ऐका, कारण काट्याची निवड त्यावरूनच ठरते. तिथे स्प्रिंगचा काटा नसतो, डिजिटल पडदाही नसतो. असतं ते ठोस वजन : बरोबर 500 किंवा 1000 ग्रॅमचं, वर ट्रिगरला अडकवायला दांडी आणि तिला धातूची किंवा रबराची धार. वजन सपाट टेबलावर ठेवतात. पिस्तुलाची नळी सरळ आकाशाकडे, धार ट्रिगरच्या मध्याजवळ, आणि मग पिस्तूल सावकाश वर उचलतात. वजन टेबलापासून पूर्ण सुटलं आणि ट्रिगर सुटला नाही, तर पिस्तूल पास. एकूण तीन प्रयत्न मिळतात. एअर पिस्तुलाची तपासणी करताना हवेचा दाब भरलेला असावा लागतो. नुसत्या कोरड्या ट्रिगरवर ती चालत नाही. आणि वजन पूर्ण स्पर्धाभर टिकायला हवं. नेम मारून झाल्यावरही अचानक बोलावून तपासतात, आणि तेव्हा कमी भरलं तर खेळाडू बाद.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की एअर पिस्तूल खेळणाऱ्या मुलासाठी पहिली खरेदी ठोस वजनाची करावी. ते हो किंवा नाही एवढंच सांगतं, पण त्यात बिघडण्यासारखं काही नाही.

आकडा हवा असेल तर त्याच्या जोडीला काटाही घ्या. स्प्रिंगचा काटा स्वस्त आणि टिकाऊ असतो, पण त्याची क्षमता पाहून घ्या. पाच किलोच्या काट्यावर पाचशे ग्रॅम अगदी सुरुवातीला येतात आणि तिथल्या खुणा एकमेकींना चिकटलेल्या असतात. आपलं माप काट्याच्या मधल्या भागात येईल असाच घ्यावा. उभा धरून शून्यावर आणलेला काटा आडवा धरला की शून्य हलतं, कारण काट्याच्या हुकाचं स्वतःचं वजन स्प्रिंगवर येईनासं होतं. ज्या स्थितीत मोजायचं त्याच स्थितीत शून्य लावा. अमेरिकी काटे पौंड आणि औंसांत असतात. एक पौंड म्हणजे 453.6 ग्रॅम. त्याला अर्धा किलो समजलात तर ट्रिगर शेहेचाळीस ग्रॅमने कमी राहील, आणि ते बाद व्हायला पुरेसं आहे. डिजिटल काटा सर्वांत मोठ्या जोराचा आकडा धरून ठेवतो, ही सोय खरोखर मोलाची. पण पडद्यावर दशांश दिसले म्हणून तो काटा अचूक ठरत नाही. बॅगा तोलायचा पन्नास किलोचा काटा तर या कामाला घेऊच नका.

मोजण्याआधी शस्त्र रिकामं आहे याची स्वतः डोळ्यांनी खात्री करा, मग जवळच्या माणसाला पाहायला लावा, आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवा. यात कुठलीही सूट नाही. मग काट्याचा हूक ट्रिगरवर बोट जिथे टेकतं तिथेच लावा. ट्रिगर वरच्या पिनेभोवती फिरतो. दार बिजागरीजवळ ढकललं तर जड जातं आणि कडेला ढकललं तर हलकं, तसंच इथे होतं : हूक खाली टोकाकडे घसरला की वजन कमी दिसतं. ओढ नळीच्या रेषेतच हवी, तिरकी नको. सावकाश ओढा. हिसका दिला की भलताच आकडा येतो. पाच वेळा मोजून सगळे आकडे लिहून ठेवा. सरासरीइतकाच त्यांच्यातला फरकही पाहा. पाचही आकडे जवळजवळ आले तर ट्रिगर आणि मोजणारा हात दोन्ही ठीक. एक आकडा फार लांब गेला तर स्क्रू सैल झालाय का किंवा आत घाण साचलीय का, हे कोचला किंवा जाणकार कारागिराला दाखवा. घरी कानस हातात घेऊ नका.

ट्रिगर नेमका 500 वर लावू नये. प्रवासात स्क्रू हलतो, स्प्रिंग थोडी ढिली पडते. दहा-वीस ग्रॅम जास्त ठेवले तर खेळाडूचं मन निर्धास्त राहतं, आणि एवढा फरक बोट लवकर अंगवळणी पाडून घेतं.

काट्याचीही परीक्षा हवी. वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं अर्ध्या किलोचं वजन काट्याला टांगून पाहा. राजाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणारे कसबी हात आहेत. पितळी वजन आणि त्याची दांडी ते करून देऊ शकतील. मात्र दांडीसकट एकूण वजन 500 भरलं पाहिजे, आणि ते चांगल्या प्रमाणित काट्यावर तोलून घ्या. काही मुलांच्या पालकांनी मिळून असं एक वजन करून घेतलं आणि ते रेंजवर ठेवलं, तर प्रत्येक मुलाला स्पर्धेला निघण्याआधी आपलं पिस्तूल तपासता येईल. हे एवढं काम या मोसमाआधी जरूर करा.