मालमोटारचालकाचा परवाना

(रस्ता सुरक्षा अभियानातील व्याख्यानाचा मजकूर)

शेतकऱ्याजवळ जमीन असते, सुताराजवळ हत्यारे असतात. दुसऱ्याची मालमोटार चालविणाऱ्या चालकाजवळ यांपैकी काहीच नसते. गाडी मालकाची, माल व्यापाऱ्याचा. चालकाचे स्वतःचे म्हणावे असे भांडवल एकच, आणि ते म्हणजे त्याच्या नावाचा परवाना. लासलगावचा कांदा मुंबईस पोचतो, भिवंडीच्या गोदामांतील माल गावोगावच्या दुकानांत येतो, तो या परवान्याच्या आधारावर. हा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित झाला, तर चालकाच्या घरी तीन महिने चुलीची चिंता असते. तथापि परवाना कशाने जातो, तो काढून घेण्याचा अधिकार कोणाला आहे आणि त्यापूर्वी चालकाला कोणते संरक्षण आहे, याची माहिती पुष्कळ चालकांना नसते. त्यांच्या घरच्यांना तर ती त्याहूनही कमी असते.

दोन प्रकारच्या पोचा

रस्त्यावर पोलिसाने परवाना ताब्यात घेतला की ‘लायसन गेले’ असे सर्रास बोलले जाते. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्यातील कलम २०६ अन्वये पोलीस अधिकाऱ्याला परवाना ताब्यात घेता येतो. तो निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार मात्र परिवहन कार्यालयातील परवाना प्राधिकाऱ्याचा अथवा न्यायालयाचा आहे. कलकत्ता उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये हाच भेद स्पष्ट केला.

परवाना ताब्यात घेताना पोच दिली पाहिजे, हा नियम आहे. परंतु सर्व पोचा सारख्या नसतात. आरोपी फरार होईल किंवा समन्सला हजर राहणार नाही, अशा शंकेने परवाना घेतला असेल, तर मिळालेल्या पोचेवर ठराविक काळ गाडी चालविता येते. २०१९ च्या दुरुस्तीने मात्र कलम २०६ मध्ये एक नवे पोटकलम आले. भरधाव वेग, धोकादायक रीतीने गाडी हाकणे, मद्यप्राशन करून चालविणे, रस्त्यावर शर्यत लावणे, असुरक्षित स्थितीतील वाहन चालविणे, रुग्णवाहिका व अग्निशामक गाडीस वाट न देणे, अशा गुन्ह्यांबद्दल परवाना घेतला गेल्यास तो थेट परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठविला जातो. भरधाव वेगाच्या बाबतीत हे दुसऱ्या गुन्ह्यापासून घडते. या वेळी मिळणारी पोच गाडी चालविण्याचा अधिकार देत नाही. पहिली पोच पाहिलेला चालक दुसरीही तशीच समजतो आणि गाडी पुढे काढतो; तेथे त्याच्या अडचणीत भर पडते.

धोकादायक चालविणे या शब्दांचा अर्थही आता विस्तारला आहे. लाल दिवा ओलांडणे, गाडी चालविताना हातात मोबाईल धरणे, नियम मोडून पुढच्या गाडीला मागे टाकणे आणि उलट दिशेने गाडी घालणे यांचाही त्यात समावेश होतो. मद्याच्या बाबतीत १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळला की गुन्हा घडतो.

अशा प्रकरणी पहिल्या वेळी तीन महिन्यांची अपात्रता आणि दुसऱ्या वेळी परवाना रद्द, अशी तरतूद कलम १९ मध्ये आहे. अपात्रतेची मुदत संपली तरी उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय परवाना परत मिळत नाही. मधल्या काळात गाडी चालविल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याच कलमाखाली व्यसनाधीनता, दखलपात्र गुन्ह्यात वाहनाचा वापर आणि फसवणुकीने मिळविलेला परवाना हीदेखील कारवाईची कारणे आहेत. दलालामार्फत चाचणीवाचून परवाना काढणाऱ्या तरुणाने हे शेवटचे कारण ध्यानात ठेवावे. असा परवाना कितीही वर्षे खिशात राहिला, तरी तो पक्का होत नाही.

निर्णय एकाचा, परवाना दुसऱ्याचा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २१ मध्ये परवाना जाण्यास पुरेशी ठरणारी कृत्ये दिली आहेत. मालाची चोरी, बंदी असलेल्या मालाची वाहतूक, थांबण्याची खूण करूनही न थांबणे ही त्यांतील काही होत. मालमोटारचालकाशी सर्वांत निकटचा संबंध येतो तो मात्र दोन कृत्यांचा : मालवाहू गाडीत प्रमाणाबाहेर माल भरणे आणि मालावर किंवा केबिनमध्ये क्षमतेबाहेर माणसे बसविणे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये सर्व राज्यांना जे निर्देश दिले, त्यांत या दोन्ही कृत्यांसाठी किमान तीन महिने परवाना निलंबित करण्यास सांगितले होते.

येथे एक विसंगती नजरेस येते. किती टन भरावयाचे, हे चालक क्वचितच ठरवितो. भाडे ठरते मालक आणि व्यापारी यांच्यात. माल भरतात हमाल. चालकाने नकार दिला तर दुसऱ्या दिवशी त्या गाडीवर दुसरा माणूस बसतो. कलम १९४ अन्वये जादा वजनाबद्दल वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी दोन हजार रुपये दंड आहे, आणि जादा माल उतरविल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही. हा दंड गाडी चालविणाऱ्यास जसा होतो, तसाच ती चालवावयास लावणाऱ्यासही होतो. परंतु परवाना जातो तो फक्त चालकाचा. मालकाचे नुकसान रुपयांत भरून निघते. चालकाचे नुकसान दिवसांत मोजावे लागते.

ऊस गाळपाच्या हंगामात हे चित्र अधिक ठळक होते. बीड जिल्ह्यातील आणि आसपासच्या तालुक्यांतील तोडणी कामगारांची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास भांडीकुंडी, अंथरुणे आणि लेकरे घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादम गाडी ठरवितो, टोळी बिऱ्हाडासह वर चढते आणि चालक चाकामागे बसतो. गाडी कलंडली तर जीव जातात. कलंडली नाही तरी कायदा मोडलेला असतोच. ज्या गावातून टोळी निघते, त्या गावच्या ग्रामपंचायतीने मुकादमाला माणसांसाठी वेगळे प्रवासी वाहन करावयास लावले, तर मजुरांचे प्राण आणि चालकाची रोजी या दोहोंचे रक्षण होईल.

अपघातानंतरचे चोवीस तास

अपघात झाला की चालक पळून जातो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्यामागे जमावाची भीती असते आणि कायद्यालाही ती ठाऊक आहे. कलम १३४ प्रमाणे जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. मात्र जमावाच्या प्रक्षोभामुळे ते शक्य नसेल तर तेवढ्यापुरती त्यास सूट आहे. घटनास्थळी पोलीस नसल्यास शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत, जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन हकिकत सांगण्यापासून मात्र सूट नाही. मदत का करता आली नाही, हेही तेथेच सांगावयाचे असते. जीव वाचविण्यासाठी दूर होणे वेगळे आणि बेपत्ता होणे वेगळे. जानेवारी २०२४ मध्ये देशभरातील चालकांनी काम थांबविले, ते भारतीय न्याय संहितेतील अपघातानंतर पळून जाण्याबद्दलच्या दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या तरतुदीवरून. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू करताना ते पोटकलम वगळण्यात आले. कलम १३४ चे कर्तव्य मात्र त्यामुळे संपले नाही.

धोकादायक चालविण्याबद्दल पूर्वी शिक्षा झालेल्या चालकावर, तशाच चालविण्याने मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडविल्याचा गुन्हा पुन्हा नोंदला गेला, तर त्याचा परवाना नोंदणीच्या दिवसापासून सहा महिने आपोआप निलंबित होतो. तत्पूर्वी तो निर्दोष सुटला तर तेवढाच काळ. आणि मद्यप्राशन करून चालविण्याच्या गुन्ह्याखाली दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास न्यायालयाने परवाना रद्द केलाच पाहिजे. म्हणून पहिल्या खटल्यात ‘दंड भरून मोकळे व्हा’ हा सल्ला स्वस्त वाटला तरी महाग पडतो. गुन्हा कबूल करून भरलेला दंड ही शिक्षाच असते आणि ती नोंदीत राहते.

न बोलता जाणारा परवाना

काही परवाने कोणत्याही गुन्ह्यावाचून हातचे जातात. परिवहन वाहनाच्या परवान्याची मुदत पाच वर्षांची आहे. धोकादायक रसायने किंवा इंधन नेणाऱ्या गाड्यांसाठी तीन वर्षांची. नूतनीकरणासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. मुदत संपल्यावर एक वर्षाहून अधिक काळ लोटला, तर चालविण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागते. दृष्टी किंवा अन्य आजाराविषयी वाजवी शंका आल्यास प्राधिकारी नवे वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतो किंवा परवाना रद्द करू शकतो. चाळिशी ओलांडलेल्या चालकाने डोळे वेळेवर तपासून घेतले, तर चष्म्यावर भागणारी गोष्ट परवान्यावर येत नाही.

सुनावणी हा हक्क आहे

कलम १९ खाली परवाना प्राधिकाऱ्याने चालकाचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून आदेश देता येत नाही आणि आदेशाची कारणे लेखी नोंदवावी लागतात. आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येते. परंतु नोटीस परवान्यावरील पत्त्यावर, म्हणजे गावी येते आणि चालक त्या वेळी नागपूरच्या किंवा हैदराबादच्या रस्त्यावर असतो. पाकीट घरात खुंटीला अडकविलेले राहते, तारीख उलटते आणि एकतर्फी निर्णय होतो.

येथे गावातील जाणत्या माणसांचे काम सुरू होते. ते मोठे नाही. नोटीस वाचून दाखविणे, तारीख चालकास फोनवर कळविणे, लेखी उत्तर लिहून देणे आणि जादा माल कोणाच्या सांगण्यावरून भरला, याची भरतीची पावती त्यास जोडावयास सांगणे एवढे शिक्षक किंवा ग्रामसेवक सहज करू शकतो. ग्रामपंचायतीने गावातील चालकांच्या परवान्यांच्या मुदतीची एक वही ठेवली, तर वेळेवर आठवण देता येईल. परिवहन अधिकाऱ्यांनीही आदेश देताना गाडी कोणी भरावयास लावली, हे विचारावे आणि मालकावरील कारवाई कागदावर अर्धवट ठेवू नये.

बेफिकीर चालकाच्या हातून परवाना काढून घेणे हे समाजाच्या हिताचेच आहे. रस्त्यावर चालणाऱ्या शाळकरी मुलाचा तो हक्क आहे. मात्र ज्याचा दोष त्याचाच परवाना जावा आणि केवळ अज्ञानामुळे कोणाचीही रोजी बुडू नये, एवढी दक्षता घेणे गाव आणि शासन या दोहोंच्या हाती आहे.