घरातली बंदूक, मैदानातली रायफल

आजच्या गप्पांचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हे पुरुषांचं काम, आपल्याला काय करायचंय? पण आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत दोन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. एक असा : मुलगी म्हणते रायफल शूटिंग शिकायचंय, पाठवावं का? दुसरा असा : घरात शेतीसाठीची बंदूक आहे, तिची भीती वाटते, काय करावं? दोन्ही प्रश्न बायकांनीच विचारलेत. म्हणून आज आम्ही बंदुकीवरच बोलणार आहोत.

आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. बंदूक कोणत्या कामासाठी दिली आहे, ते परवान्यावर लिहिलेलं असतं. खेळासाठी असेल तर खेळ, पीक राखण्यासाठी असेल तर पीक. त्या कामापुरती ती शिस्तीत राहिली तर ठीक. त्याबाहेर गेली की ती आपल्याच घरावर उलटते. आणि ती शिस्त पाळली जाते की नाही, हे विचारायचा हक्क घरातल्या बाईलाही आहे.

आधी खेळाचं बघू. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यात कांबळवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलं. प्रकार होता पन्नास मीटर रायफल. यात गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून, अशा तिन्ही तऱ्हांनी नेम धरायचा असतो. सुरुवातीला तो मागे होता, उभं राहून मारायची वेळ आली तेव्हा वर आला. १९५२ साली खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक आणलं होतं. त्यानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्रातल्या खेळाडूला एकट्याच्या खेळात पदक मिळालं. स्वप्नीलची आई तेव्हा गावची सरपंच होती, वडील शिक्षक. तो राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला, पुढे रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरीला लागला. त्याला शिकवणाऱ्या दीपाली देशपांडे या स्वतः ऑलिंपिक खेळलेल्या नेमबाज. म्हणजे या पदकामागे एका बाईचं शिकवणं आहे.

आणि बायका काही नुसत्या शिकवायलाच नाहीत. मुंबईच्या अंजली भागवत कॉलेजात एनसीसीमधून या खेळात आल्या आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये जर्मनीतल्या म्युनिकला पन्नास मीटर रायफलमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं. असं करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला नेमबाज. चाळिशीत असताना त्या टोकियो ऑलिंपिकमध्येही उतरल्या. आमचं वय झालं म्हणणाऱ्या मैत्रिणींनी हे ऐकून ठेवावं.

आता हा खेळ असतो तरी कसा? बहुतेक मुली हवेच्या दाबावर चालणाऱ्या एअर रायफलवर शिकतात. निशाण दहा मीटरवर. ओसरीत उभं राहून परसाच्या टोकाला बघावं, तेवढं अंतर. निशाणाचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, जवळजवळ खसखशीच्या दाण्याएवढा. रायफल साडेपाच किलोपर्यंत असते. स्पर्धेत सव्वा तासात साठ वेळा नेम धरायचा. जोर फारसा लागत नाही, लागतो तो श्वास. श्वास अर्धा सोडायचा, हात स्थिर करायचा, चाप हळूच दाबायचा. मन भरकटलं की गुण गेले. रोजच्या सरावातला मोठा भाग तर छर्रा न घालता नुसता चाप दाबण्याचाच असतो. पहाटे उठून दुधाच्या धारा काढणाऱ्या, भाकरी हातावर थापणाऱ्या पोरीला हात आणि मन एका जागी ठेवणं काही नवीन नाही.

नेमबाजीच्या मैदानात, म्हणजे रेंजवर, पहिला धडा नेम धरण्याचा नसतो, सुरक्षिततेचा असतो. रायफल रिकामी असली तरी ती भरलेली आहे असंच समजायचं. नळीचं तोंड कायम निशाणाकडे. नेम लागेपर्यंत बोट चापावर ठेवायचं नाही. पुढे कोणी निशाण बदलायला गेलं असेल तर रायफलला हात लावायचा नाही. काम संपलं की नळीत रंगीत दोरी घालून ठेवायची, म्हणजे रिकामी आहे हे लांबूनही दिसतं. आणि छर्रे शिशाचे असतात, म्हणून सराव झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

मुलीला पाठवायचं असेल तर कुठे? शाळा-कॉलेजात एनसीसी असेल तर तिथून सुरुवात करा, तिथे सराव शिस्तीत होतो. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मोठी रेंज आहे. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे चौकशी केली तर जवळची रेंज आणि प्रबोधिनीच्या निवडीची माहिती मिळते. रायफल लगेच विकत घेऊ नका. आधी क्लबच्या रायफलवर शिकू द्या, आवड टिकते का बघा, मग खर्चाचा विचार करा. या खेळाची देशातली संघटना १९५१ साली उभी राहिली, तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर होते. त्यांच्याच नावाच्या स्पर्धेतून आजही मुलं-मुली राष्ट्रीय स्पर्धेकडे जातात. कायद्यानं एकवीस वर्षांखालच्या माणसाला बंदुकीचा परवाना मिळत नाही. पण बारा वर्षांपुढच्या मुलांना नियमांनुसार, देखरेखीखाली प्रशिक्षण घेता येतं.

आता शेताकडे वळू. कोकणात पीक राखण्याच्या परवान्यावर कितीतरी घरांत बंदुका आहेत. कुठे ठासणीच्या, कुठे काडतुसाच्या. रानडुकरांचा कळप एका रात्रीत भात, भुईमूग, मका आडवा करतो. पेरणी, खुरपणी सगळी बायकांनी केलेली असते, त्यामुळे नुकसान किती झालं ते आपल्याला कुणी सांगायला नको. माणसं बंदूक घेऊन राखणीला जातात, त्यामागचा राग आम्हाला समजतो.

पण राखण वेगळी आणि शिकार वेगळी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी घातली, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेची शिकार पूर्ण बंद झाली. या कायद्यात शिकार म्हणजे नुसती गोळी घालणं नाही. फासे लावणं, आमिष ठेवणं, जनावर पिटाळणं, अंडी काढणं, हेही शिकारीतच येतं. ससा मारला तरी गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाघ-बिबट्यासारख्या प्राण्यांच्या बाबतीत किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं. रात्री पार्टीला मटण हवं म्हणून रानात गेलेल्या माणसाच्या खटल्यात घरची बाई जामिनासाठी दागिने गहाण ठेवते. शिवाय झुडपात हललं ते डुक्कर होतं की आपलाच सोबती, हे अंधारात कळत नाही. डुकरासाठी ठेवलेल्या गावठी बॉम्बनं तर सरपणाला गेलेल्या बायकांचे आणि गुराख्या पोरांचे हात गेलेत.

मग पीक वाचवायचं कसं? रानडुक्कर किंवा रोही नासाडी करत असेल तर वन खात्याकडे लेखी अर्ज करा. परवानगी द्यायची की नाही ते अधिकारी ठरवतात, गावानं परस्पर ठरवायचं नसतं. नुकसान झालं तर तीन दिवसांच्या आत वन खात्याला कळवून पंचनामा करून घ्या. सातबारा, नुकसानीचे फोटो आणि बँकेचं पासबुक तयार ठेवा. सातबारा नवऱ्याच्या नावावर असला तरी अर्ज लिहून वेळेत पोचवण्याचं काम गटातल्या एकीनं अंगावर घेतलं, तर तीन दिवस हातचे जात नाहीत.

शेवटी घरातली बंदूक. २०१६ च्या नियमांप्रमाणे शस्त्र घरात सुरक्षित, कुलपात ठेवणं ही परवानाधारकाची जबाबदारी आहे. आम्ही एवढंच म्हणतो : बंदूक रिकामी करून कपाटात, काडतुसं दुसऱ्या जागी, दोन्हींना वेगळं कुलूप. खुंटीवर किंवा दाराआड टांगलेली बंदूक पोरांच्या हाती लागायला दुपारची एक झोप पुरते. एअर गनलाही खेळणं समजू नका, तिच्या छऱ्यानं डोळा जातो.

लग्नात, वरातीत हवेत गोळी झाडणं २०१९ च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी कुणाच्या तरी अंगणात खाली येतेच. निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितली तर वेळेवर जमा करा आणि पावती जपून ठेवा.

आणि एक गोष्ट, जी आपण एकमेकींतही बोलत नाही. दारू प्यायल्यावर कोणी बंदुकीकडे बघून धमकी देत असेल, किंवा कर्जानं, आजारानं खचलेला माणूस मरणाच्या गोष्टी बोलत असेल, तर त्या घरात बंदूक एक रात्रही राहू नये. पोलीस ठाण्यात लेखी सांगा. लोकांच्या सुरक्षिततेला धोका असेल तर परवाना देणारा अधिकारी तो थांबवू शकतो, रद्दही करू शकतो. तातडी असेल तर ११२ ला फोन करा, बायकांसाठी १८१ आहे. एकटीला जायची भीती वाटत असेल तर गटातल्या दोघीतिघींनी सोबत जावं. अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की दहा मिनिटं या विषयाला द्या. कुणाच्या घरी बंदूक आहे आणि ती कुलपात आहे का, हे विचारा. कुणाच्या पोरीला एनसीसीत जायचंय, तेही विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट मिळालं तर दुसऱ्या प्रश्नाला बिनधास्त हो म्हणा.

आजच्यापुरतं इतकंच. तुमचे प्रश्न नेहमीप्रमाणे पाठवत राहा. रामराम.